नाना उजव्या बाजूने का जायचे

तुम्ही हायवेचा विषय काढलात म्हणून नाना आठवले. तेव्हा मी नशिराबादहून जळगावला सायकलने नोकरीला जायचो. गल्लीतले नाना तेलाच्या गिरणीत कामाला होते, त्यामुळे सकाळी आम्ही बरोबरच निघायचो. पण मी डाव्या कडेने आणि ते उजव्या, म्हणजे चुकीच्या कडेने. बोलायचं तर रस्त्यापलीकडे ओरडावं लागे.

एकदा विचारलं, "नाना, उलट्या बाजूने का जाता?"

"मागून येणाऱ्याचं तोंड दिसत नाही रे. समोरचा निदान दिसतो."

मला ते काही पटलं नाही.

एके दिवशी समोरून जोराचं वारं होतं. मी मान खाली घालून पायडल मारत होतो. कान मात्र मागच्या हॉर्नकडे. तेवढ्यात नाना ओरडले, "उतर खाली, शेतात उतर!"

का, कशाला, काही न विचारता मी सायकल कपाशीत घातली आणि आडवा झालो. समोरून आलेला केळीचा ट्रक नानांची बाजू सोडून तिरका माझ्या बाजूला आला, मी होतो तिथली कड चाटून पुन्हा रस्त्यावर चढला आणि निघून गेला.

नाना धावत आले. मला हात देऊन उठवलं.

"तुम्हाला कसं कळलं, तो इकडे येणार म्हणून?"

"ते नाही कळलं. त्याची मान छातीवर पडलेली दिसली. झोपला होता तो."

पुढेही मी डाव्या कडेनेच जात राहिलो. पण नाना सुट्टीवर असले, की त्या दिवशी एसटीने जायचो.