बाईसाहेबांची ड्यूटी

(दोन घरांच्या मधल्या कुंपणाला लागून असलेली बाग. फुललेल्या कण्हेरीसमोर एक म्हातारी कुत्री बसली आहे.)

मावशी : नाही हवालदार, आता मला अडवू नका. ही कण्हेर आज मुळासकट काढते. अकरा वर्षं वाढवलीय, छाटतानासुद्धा माझा हात आखडतो. पण तुमच्या कुत्रीच्या जिवापेक्षा मोठी नाही.

हवालदार : कोयता खाली ठेवा, मावशी. आधी मला बघू द्या.

मावशी : बघायचं काय राहिलंय? सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला. म्हटलं, शेजारची कुत्री तीन दिवस कण्हेरीपाशी बसून असते, काही अपाय होतो का? त्या म्हणाल्या, पान, फूल, काडी, सगळं विषारी. आधी उलट्या, मग काळजाचे ठोके चुकतात. तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी तडक घेऊन या.

हवालदार : बरोबर सांगितलं त्यांनी. म्हणून तर तीन दिवस हिला इथून ओढून नेतोय.

मावशी : आणि ही कुंपणाखालून परत येतेय. मी इथं खुर्ची टाकून पहारा देतेय. स्वयंपाक तसाच पडलाय.

हवालदार : पण कुरतडलेलं एक पान दाखवा मला. उलटी नाही, जेवण चाटूनपुसून. आमच्या या बाईसाहेब खाली पडलेलं काही तोंडात घेत नाहीत. नऊ वर्षं पोलिसात होत्या माझ्याबरोबर. सभा म्हणू नका, स्टेशन म्हणू नका. लोक बिस्किटं टाकायचे पुढ्यात. कधी मान वळवली नाही.

मावशी : मग इथं काय ठेवलंय तिचं?

हवालदार : वय झालं. आधी नाक गेलं, आता डोकं चाललं म्हणायचं.

मावशी : नाक गेलं हे कोण म्हणतं?

हवालदार : कागद म्हणतो. ‘घ्राणशक्ती क्षीण.’ शेवटच्या परीक्षेत सहा पेट्या मांडल्या होत्या, एकीत स्फोटकाचा नमुना. बाईसाहेब सहाही पेट्या ओलांडून निघून गेल्या. आदल्याच दिवशी खोलीला रंग दिला होता, सगळीकडं त्याचाच वास. मी सांगितलं, पण साहेबांना ती सबब वाटली. काढलं मोडीत. मी घरी घेऊन आलो.

मावशी : आणि तुम्हाला काय वाटलं?

हवालदार : मलाही वाटलं, असेल. खोटं कशाला बोलू.

मावशी : अहो, पण वेड लागल्यासारखी नाही हो बसत ती. उलट बाकावर उभं केलेल्या पोरासारखी. शेपटीसुद्धा हलत नाही. बुंध्याकडं बघते, मग मान वळवून तुमच्या दाराकडं बघते, की परत बुंध्याकडं.

हवालदार : काय म्हणालात?

मावशी : बुंध्याकडं, मग तुमच्या दाराकडं. बघा, आत्ता तुमच्याकडं बघितलं.

हवालदार : मावशी, बुंध्यात काय पुरलंय तुम्ही?

मावशी : पुरायला मी काय दरोडेखोर आहे? खत घातलं रविवारी. नवीन आलंय, पांढरे दाणे. वीतभर खोल, वर माती, त्यावर पालापाचोळा.

हवालदार : रविवारी. आणि ही रविवारपासून बसतेय. दुसऱ्या कुठल्या झाडाला घातलं?

मावशी : मागे टाकीजवळच्या गुलाबाला. बाकीची वीस झाडं तशीच राहिली, पिशवीच संपली.

हवालदार : त्या गुलाबापाशी गेली होती का?

मावशी : काल दुपारी बसली होती की. मला वाटलं, सावलीला बसलीय. पण थांबा, दुपारी तिथं सावली नसतेच.

हवालदार : आम्ही हिला जे हुंगायला शिकवलं, त्यातला एक माल काही खतांतही असतो. सापडला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही. गप बसायचं. जागेकडं बघायचं, मग माझ्याकडं.

मावशी : म्हणजे बाईसाहेब ड्यूटीवर आहेत.

हवालदार : वीतभर मातीखालून काढलाय वास. बावीस झाडांतली दोन, दोन्ही बरोबर. बारा वर्षांची आहे, मावशी. आणून दाखवा कुणी अशी दुसरी.

मावशी : तो कागद द्या मला. कुंडीखाली घालते, पाणी गळतंय.

हवालदार : कागदाचं जाऊ द्या. मी काय केलं? ती काम दाखवत होती आणि मी पट्ट्याला धरून फरफटत नेलं. वर रागावलो. शाब्बास ऐकल्याशिवाय तिचं काम संपत नाही, हे मीच शिकवलंय तिला.

मावशी : म्हणून येत होती होय परत परत.

हवालदार : दुसरं काय.

मावशी : कण्हेरीला मी आजच जाळी मारून घेते. विष ते विषच, सगळी कुत्री काही हिच्यासारखी शिकलेली नसतात. पण झाड राहू दे. आता त्याला पोलिसांची ओळख आहे. आणि ते बक्षीस काय द्यायचात तुम्ही हिला, चेंडू ना?

हवालदार : खिशातच आहे. घरी आलो त्या दिवसापासून. द्यायची वेळच आली नाही.

मावशी : मग द्या की.

हवालदार : आधी शाब्बास म्हणायचं असतं. खणखणीत. आवाजच फुटेना, मावशी.

मावशी : सावकाश म्हणा. तीन दिवस थांबल्यात, अजून घटकाभर थांबतील.