हार्ड डिस्कचं कपाळ

खरं सांगू का, आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टिकटिक करायला लागली आणि माझी झोपच उडाली. माझ्या ईराच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ फक्त तिच्यात होता. दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. अशी मी आई!

शेवटी टिळकवाडीतल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आक्का, एसएसडी घ्या. लई फास्ट."

"फास्ट नको. टिकणारी द्या."

"टिकायची गॅरंटी माणसाचीबी न्हाय वो," म्हणत त्यानं साधी हार्ड डिस्क काढून दिली.

आमच्याकडे नवी वस्तू पूजा झाल्याशिवाय वापरत नाहीत, म्हणून ती आधी सासूबाईंच्या हातात गेली. मग मी यूट्यूब बघत कॅबिनेट उघडलं, डिस्क बसवली, केबल जोडल्या. कॉम्प्युटरला ती दिसेचना. तीनदा काढली, तीनदा बसवली. तिकडे जुनीची टिकटिक वाढतच चाललेली. चौथ्यांदा काढून नीट बघितलं, तर केबल जोडायच्या सोनेरी पिनांवर कुंकू!

"अहो आई, हे इथं का लावलंत?"

"मग कुठं लावू गं? तेवढंच सोन्यागत चमकत हुतं. मला वाटलं, त्येच कपाळ."

कापसानं पुसून बसवली आणि डिस्क दिसली. व्हिडिओ कॉपी होईपर्यंत मी जागची हलले नाही. मग आता पाच वर्षांच्या झालेल्या ईराला मांडीवर घेऊन तो लावला. पडद्यावरची छोटी ईरा दोन पावलं चालली, धपकन पडली आणि तिनं भोकाड पसरलं. माझे डोळे भरून आले.

मांडीवरची ईरा माझ्याकडे वळली.

"आई, मी पडले, तरी तू शूटिंगच करत बसलीस?"