सावंतच्या शेडचे बोल्ट

सावंतचं कौतुक मला नका सांगू. नायगावच्या आमच्या सोसायटीने पार्किंगच्या शेडचं डिझाइन त्याला दिलं. इंजिनिअर मीही आहे, पण मला कोण विचारतो? मी गुपचूप त्याचं कॅल्क्युलेशन तपासलं. शिअर स्ट्रेस काढताना पठ्ठ्याने बोल्टची पूर्ण जाडी धरलेली. प्लेटा बोल्टला जिथे कापू बघतात तिथे तर आटे होते, म्हणजे जाडी कमी. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दाखवून दिलं. सावंत शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मोठे बोल्ट घेऊ."

शेड झाली आणि शाल-श्रीफळ त्यालाच. का, तर चूक लगेच मान्य करणारा माणूस. त्याचा फोटो काढायला कॅमेरा माझ्या हातात दिला, आणि मागून आमची ही म्हणते, "अहो, सावंत भावोजींना जरा मधोमध घ्या."