पल्यारशी आलेली बाई

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचेही अध्यक्ष साईनाथराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज जिला निरोप देतोय ती सातव्या मजल्यावरची दक्षता, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

भाषण मीच करावं हा दक्षताचा हट्ट. तेव्हाच मला शंका आली. हिचा माहितीपट कशावर? देश कोणाचा, परका कोण, यावर. आणि त्यातला खलनायक कोण? मी! मग निरोपाला मीच कशाला? आत्ताही कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे बघा. दक्षता, बंद कर गं. नाही? बरं, राहू दे.

माझा स्वभावच संशयी. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, निम्मा वेळ कॉपी पकडण्यात गेला. गेल्या वर्षी घुसखोर शोधायची हवा तापली, तेव्हा मी आपला गेटवर उभा राहून चौकशा करायचो. मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही.

एका सकाळी जनीबाई माशांची पाटी घेऊन आल्या. आपला नेहमीचा वॉचमन रजेवर होता आणि मी पक्का शाकाहारी, त्यामुळे ओळखणार कोण? विचारलं, "कुठून आलात?" त्या म्हणाल्या, "खारीचे पल्यारशी." झालं! पल्यारशी म्हणजे पलीकडून, म्हणजे सीमेपलीकडून! लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'संशयित महिला. भाषा मराठी वाटत नाही.' वर पोलीस चौकीत फोनही केला.

चार तास बसवलं हो त्यांना तिथे. मुलगा सुदेश कागद घेऊन धावत आला, तेव्हा सुटल्या. बाई इथल्याच, कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. खाडीच्या पल्याडहून होडीने मासे आणले, एवढंच त्या सांगत होत्या. हा टॉवर उभा आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची जाळी वाळायची. आणि मी कुठला? साताऱ्याचा. येऊन बारा वर्षं झाली. मला कोणी कागद मागितला?

माहितीपटात त्या एवढंच म्हणतात, "गुरुजी, फोटू कनाला कारला?" कशाला काढला, एवढंच. मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा रडलो, हे घरी सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून बाई आपल्या गेटवर बसत नाहीत. सगळे म्हणतात, हल्ली ताजं मिळत नाही. का मिळत नाही, ते कोणीच बोलत नाही.

आणि आत्ता दिसतंय, तिसऱ्या रांगेत, दक्षताच्या शेजारी त्याच बसल्यात. म्हणजे माझी शंका खरी होती! दक्षता, तुला शुभेच्छा, आणि या कटाबद्दल मनापासून आभार.

भाषण संपवताना वक्ता सभागृहाची क्षमा मागतो. मी सभागृहाची मागत नाही. जनीबाई, तुमची मागतो. मी चुकलो. उद्यापासून गेटवर या, असं म्हणायचाही मला हक्क नाही, तरी म्हणतो.

अहो, टाळ्या नका वाजवू. माईक आधी त्यांच्याकडे द्या.