विचुंब्यातून रोज येणारी माणसं

ललिता : अगं, खोटं कशाला बोलू? पोळ्या खोळंबल्यात, पण आज लाइफ संपतच नाहीयेत. एरवी पाचदा हरलं की तुझा गेम मला अर्धा तास ताटकळत ठेवतो. नाहीतर म्हणतो, पैसे भर.

आभा : आण बघू इकडे फोन. आई गं! कपाळ माझं!

ललिता : काय झालं?

आभा : थांबायची वेळ शून्य झालीय. टेस्टिंगला आम्ही ती शून्यच ठेवतो, नाहीतर टेस्टरनी दिवसभर काय माशा मारायच्या? अपडेट सोडताना परत अर्धा तास करायची असते. शुक्रवारी मी विसरले, तशीच सोडली.

ललिता : म्हणजे सगळ्यांच्याच फोनवर?

आभा : अख्ख्या देशात, आई! लोक थांबायला कंटाळतात म्हणून तर पैसे भरतात. त्याच्यावर आमचं ऑफिस चालतं. गेली माझी नोकरी.

ललिता : भलतंसलतं बोलू नकोस. साहेबांना फोन लाव. लपवलंस तर जास्त चिडतील.

आभा : मला नाही धीर होत.

ललिता : दे इकडे. मी लावते, स्पीकरवर.

(रिंग वाजते. पलीकडे आभाच्या गेम स्टुडिओचे प्रमुख, इंद्रजीत.)

इंद्रजीत : बोल आभा. शून्य ना?

आभा : सर, तुम्हाला माहितीये?

इंद्रजीत : कालच कळलं.

आभा : मग मला फोन तरी करायचा!

इंद्रजीत : केला असता तर तू लगेच दुरुस्त करून टाकलं असतंस. मला बघायचं होतं काय होतं ते. मी आधी विकतचे गेम करायचो, माहितीये ना? रक्त आटवून एक केला, घेतला कोणी? माझ्या मावसभावाने. मग फुकटच्या गेममध्ये आलो. आता जुने मित्र भेटले की विचारतात, काय रे, लोकांना ताटकळत ठेवायचं दुकान कसं चाललंय? मी हसतो. पण लागतं गं.

आभा : मला नाही पटत त्यांचं. कोन गावात वीटभट्टीवरच्या पोरी दुपारच्या सुट्टीत आपला गेम खेळतात, मी बघितलंय. विकतचा कधी घेतला असता त्यांनी?

इंद्रजीत : दार उघडं ठेवलं, ते चांगलंच केलं. पण आत आलेल्या माणसाला आपण बाहेरून कडी घालतो, त्याची लाज वाटते मला.

आभा : सर, ते सगळं नंतर. काढताय का मला?

इंद्रजीत : वेडी आहेस का? ताटकळणं गेलं की लोक पैसेच भरणार नाहीत, असं आपण सगळे धरून चाललो होतो. पण भरले. गेममधली पितळी भांडी, पैठण्या, हौसेचं जे काय आहे ते उलट जास्त घेतलं. वसुंधरामॅडमशी आत्ताच बोललो. मालकीणबाईच म्हणाल्या, राहू दे शून्य. सोमवारी मात्र सगळ्यांसमोर ओरडणार आहे तुला.

आभा : ओरडा सर! हवं तेवढं ओरडा!

ललिता : बाई गं, जीव भांड्यात पडला.

इंद्रजीत : कोण, काकू का? नमस्कार. तुम्हीपण खेळता आपला गेम?

ललिता : खेळते की. पहाटे उठले की आधी तो उघडते. आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्याजणींनापण घ्यायला लावलाय.

इंद्रजीत : राहता कुठे तुम्ही?

ललिता : विचुंब्याला.

इंद्रजीत : अरे देवा! म्हणजे ते तुम्ही! काकू, विचुंब्यातली माणसं एकही दिवस चुकत नाहीत म्हणून आम्ही अख्खी मीटिंग घेतली होती. तिथल्या लोकांना यात नेमकं काय भावलं, यावर प्रेझेंटेशन झालं. आभानेच केलं!

आभा : आई, तू एका शब्दाने बोलली नाहीस!

ललिता : काय बोलू? तूच एकदा जेवताना म्हणालीस, रोज परत येणारी माणसं कमी झाली की ऑफिसातली माणसं कमी करतात. मी धसकाच घेतला. मंडळात सांगितलं, बायांनो, माझ्या पोरीसाठी रोज एकदा उघडत जा. अरुंधतीताई तर चष्मासुद्धा लावत नाहीत, नुसतं बोट फिरवतात.

इंद्रजीत : आणि आम्ही समजलो, आवडलाय. काकू, मूठभर बायकांनी आमचा आकडा हलत नाही हो. आभाची नोकरी पक्की आहे. उद्यापासून नाही उघडलात तरी चालेल.

ललिता : नक्की ना?

इंद्रजीत : शब्द देतो.

ललिता : सुटले बाई! मंडळाला आजच कळवते.

आभा : आई, खरं सांग. तुला कधीच नाही आवडला?

ललिता : तू केलायस ना, म्हणून वाईट म्हणवत नव्हतं.

आभा : आता म्हण.

ललिता : म्हणू? अगदी रटाळ आहे गं तो. हश्श! किती हलकं वाटतंय!

आभा : अगं, सर अजून फोनवर आहेत!

इंद्रजीत : असू दे, आभा. बोला काकू, ऐकतोय मी.