चष्म्याच्या दुकानात भावाने केलेल्या मारहाणीबाबत

नाव: चिमणी (ओळखपत्रावरील नाव निराळे). वय: ३१ वर्षे. धंदा: चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. राहणार: त्याच दुकानावरील खोली.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, जन्मावेळी माझी नोंद मुलगा अशी झाली, पण मी बाई आहे. हे घरी सांगितल्यापासून चार वर्षे मी वेगळी राहते. घरी आई, थोरला भाऊ व वहिनी असतात.

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास मी मशीनवर काच घासत असताना भाऊ दुकानात आला. त्याच्यामागून वहिनी आली. भाऊ म्हणाला, "रविवारी मुलगी बघायला जायचंय. केस काप, शर्ट घाल. लग्न झालं की डोकं ठिकाणावर येईल."

मी म्हणाले, "दादा, त्या पोरीचं वाटोळं कशाला करतोस?"

त्यावर त्याने वेणी धरून माझे डोके काउंटरवर आपटले. डाव्या भुवईला जखम झाली. "घराण्याचं नाक कापलंस," असे म्हणत त्याने पार्सल उघडायची कात्री उचलली व माझी वेणी अर्धी कापली.

तेव्हा वहिनीने कात्रीचे पाते मुठीत धरले. तिच्या तळहाताला सहा टाके पडले आहेत. ती म्हणाली, "आता हिच्या केसाला धक्का लावलात तर मी घरी येणार नाही." तिला भावासमोर आवाज चढवताना मी प्रथमच पाहिले. भाऊ कात्री टाकून निघून गेला.

दुकानाच्या मालकीणबाईंनी शटर ओढून आम्हाला दवाखान्यात व तेथून पोलीस ठाण्यात आणले. चष्मा दुरुस्तीला देऊन बसलेल्या एक वयस्कर बाईही सोबत निघाल्या. म्हणाल्या, "मला दिसलं काही नाही, पण कान शाबूत आहेत. ऐकलं ते सगळं सांगते." त्या बिनचष्म्याच्याच बाहेर बाकावर बसल्या आहेत.

भावाने यापूर्वी दोनदा मारले होते. तेव्हा तक्रार दिली नाही. माझ्या बाजूने कोण बोलणार, असे वाटे. आज तिघीजणी आल्या, हे जबाबात यावे अशी माझी विनंती आहे. हवालदारबाई म्हणाल्या, "एवढं लागत नाही गं," पण त्यांनी लिहिले.

वहिनी आता कोठे राहणार, हे ठरलेले नाही. मी माझी खोली देऊ केली आहे.

साक्षीदार म्हणून वहिनीला आमचे नाते विचारण्यात आले. घरी मला तिचा दीर म्हणतात. ती म्हणाली, "नणंद आहे माझी. तसंच लिहा." तसे लिहिले आहे.

वरील मजकूर हवालदारबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच व खरा आहे. त्यात काही बदलायचे नाही.