मथीची एकादशी

मंडळी, ऐका. आज एकादशी. बहुतेकांच्या पोटात साबुदाणा आहे, काहींच्या पोटात नुसतं पाणी, आणि मागच्या खांबाशी जे बसलेत त्यांच्या पोटात काय आहे ते मी विचारत नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. व्रत आपण धरायचं, आणि ते दुसऱ्याकडून पाळून घ्यायचं – याचं पुण्य कुणाला? धरणाऱ्याला, की ज्याला धरायला लावलं त्याला?

लगेच माना डोलावू नका. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कशाला डोलावता?

यावर कुणी राजाची गोष्ट सांगेल, कुणी ऋषीची. मी मांजरीची सांगणार आहे. हसा, हसून घ्या. कारण पुढं मांजरीच्या शी-शूबद्दल बोलायचंय, आणि ते मी आडपडदा न ठेवता बोलणार. देवळात, कीर्तनात असलं बोलू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी कानात बोटं घालावीत. पोट देवानं दिलंय, त्यातून बाहेर काय पडतं हे त्याला ठाऊक आहे. तो लाजत नाही, तुम्ही का लाजता?

गोगटे, पेटी जरा वरच्या सुरात द्या. हां. घाम मागाहून पुसा.

तर, दापोलीच्या खाली, समुद्राकाठी एक पाखाडी. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, मधून जांभ्या दगडाची वाट. त्या पाखाडीत द्वारकाबाई आठल्ये राहायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सोबतीला पुतण्या वामन आणि एक मांजर. मांजरीचं नाव मथुरा. मालकीण द्वारका, मांजर मथुरा! लाडानं मथी म्हणायच्या.

ही मथी साधीसुधी नव्हे बरं का. समुद्र हाकेच्या अंतरावर, दारावरून रोज म्हावऱ्याची टोपली जाते, आणि ही मांजर माशाकडे ढुंकून बघत नाही. का? तर तिनं डोळे उघडल्यापासून द्वारकाबाईंनी तिला दूधभातावर वाढवलेली. सकाळी दूधभात, संध्याकाळी दूधपोळी, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट घालून! बायका बघायला यायच्या. ‘अगंबाई, ही उपास करते?’ द्वारकाबाई म्हणायच्या, ‘मागच्या जन्मीची कुणी वारकरीण असेल हो.’ आणि मथी मिशा चाटत बसायची. चांगली गरगरीत झाली होती, उशीसारखी.

मध्येच गावात बिबट्याची हूल उठली. शेजारचं कुत्रं एका रात्रीत नाहीसं झालं. तेव्हापासून मथी घरात. मग तिच्या विधीचं काय? मागच्या पडवीत एक जुनं घमेलं ठेवलं, त्यात समुद्रावरची वाळू. मांजर हुशार, पहिल्या दिवसापासून घमेल्यात जाऊन, उकरून, झाकून यायची. इथवर सगळं ठीक.

मग काय झालं? तर घमेल्यातली वाळू सकाळी बघावी तर ओलीगच्च. कोरडी वाळू घालावी, दुपारी पुन्हा चिखल. आणि त्या घमेल्याभोवती मुंग्या. कडेनं चढतायत, आत उतरतायत, काळी ओळ नुसती. द्वारकाबाईंना वाटलं, वामननं लाडूचा तुकडा पाडला असेल. त्याला बोलणी बसली. तो म्हणाला, ‘काकू, मी लाडू खायला मांजरीच्या घमेल्याशी कशाला जाऊ?’

मुंग्या कशाला जमतात, मंडळी? गोडाला. आपल्या घरात कुणाच्या लघवीला मुंग्या लागल्या तर आपण दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतो. मांजरीच्या लागल्या तर आपण मुंग्यांची पावडर आणतो. द्वारकाबाईंनी तेच केलं.

पुढं मथी पाणी प्यायला लागली. भांड्यातलं संपलं की बादलीतलं, बादलीला झाकण घातलं की देवघरातल्या ताम्हनातलं. शी पातळ व्हायला लागली, पिवळी आणि वास असा की वामन जेवता जेवता उठून जायचा. आणि एक दिवस ती घमेल्यात गेलीच नाही. घमेल्याशेजारी बसली. मग पायपुसण्यावर. मग वामनच्या अंथरुणावर. आणि शेवटी, बाई अंघोळ करून देवघरात येतात तो पूजेला नेसायच्या लोकरी धाबळीवर!

घर हललं. ‘माज आलाय तिला,’ द्वारकाबाई म्हणाल्या, ‘मुद्दाम करते. घमेलं समोर दिसतंय, तरी माझ्या सोवळ्यावर?’

वामन म्हणाला, ‘काकू, मी सोडून येतो तिला बंदरावर. तिथं मांजरांना काही कमी नाही.’

बाईंनी धाबळी उचलली आणि धुवायला नेली. नाही म्हणाल्या नाहीत, हे लक्षात ठेवा. रागाच्या भरात माणूस आपल्याच लाडक्याला पोत्यात घालू देतो.

वामननं पोतं आणलं, मथीला उचललं, आणि तो तिथंच थांबला. उशीएवढी दिसणारी मांजर हातात घेतली तर वजनच नाही. वरून केस, आत हाडं. खाली ठेवली तर तिला नीट चालता येईना. मांजर बोटांवर चालते, ही मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकून चालायला लागली होती. तिनं पडवीतल्या घमेल्याकडे बघितलं, पुढचे पाय काठावर ठेवले, मागचे उचलेनात. मग काठाशीच बसली आणि तिथंच झालं.

वामन म्हणाला, ‘काकू, हिला माज नाही आलेला. हिला घमेल्यात चढता येत नाही.’

गोगटे, सूर धरा हो. पेटी झोपली की काय?

तर पोतं बाजूला पडलं, आणि मथी टोपलीतून गेली जनावरांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर मुकादम म्हणून बाई होत्या, बोलायला तुटक, हाताला हलक्या. कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त घेतलं, यंत्रात घातलं, म्हणाल्या, ‘साखर आहे.’

द्वारकाबाई म्हणाल्या, ‘साखर मी देत नाही तिला. फक्त दूधभात.’

‘आणखी?’

‘दूधपोळी. एकादशीला खिचडी. आमच्याकडे अभक्ष्य नाही हो, ती माशाला तोंडसुद्धा लावत नाही.’ हे अगदी मान वर करून सांगितलं बरं का.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘काकू, तुमचं पोट भाताचं आहे, हिचं नाही. भाताची हिच्या अंगात साखर होते. साखर वाढली की तहान, तहान लागली की घमेलं भिजणार, म्हणून मुंग्या. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, म्हणून शी पातळ. साखरेनं पायातल्या नसा गेल्या, म्हणून चढता येत नाही. सोवळ्यावर बसली ती रागानं नाही. मऊ होतं आणि जवळ होतं म्हणून बसली.’

‘मग आता?’

‘दोन वेळा इन्सुलिनची सुई, दोन्ही वेळा खाल्ल्यावर. आणि खायला मासे, कोंबडी, अंडं.’

बाईंचा चेहरा उतरला. ‘आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही.’

‘घरात नका शिजवू. पडवीत शिजवा. नाहीतर ही जगत नाही.’

आता बघा, पेच कसा आहे. एका बाजूला सत्तर वर्षांचं सोवळं. दुसऱ्या बाजूला हाडांचा सापळा झालेली मथी, जी रात्री पायाशी झोपते आणि जिच्याशिवाय त्या घरात बाईंशी दिवसभर बोलणारं कुणी नाही. काय कराल तुम्ही? मनातल्या मनात उत्तर द्या, मला ऐकायचं नाही.

द्वारकाबाईंनी पडवीत वेगळी चूल मांडली. वेगळं पातेलं, वेगळा चमचा. शेजारची कुंदा मयेकर रोज दोन बांगडे द्यायची, वामन नाकाला फडकं बांधून उकडायचा, काटे काढायचा. बाई लांबून बघायच्या. पण घाई फार! दूधभात एका दिवसात बंद, मासा एका दिवसात सुरू. मथीनं आधी तोंड फिरवलं, मग भुकेनं खाल्लं, आणि मग तिला शी होईना. वाळूत बसायची, कुंथायची, ओरडायची, तशीच उठायची. बाई पुन्हा डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाल्या, ‘बदल हळूहळू करायचा असतो. थोडा जुना घास, थोडा नवा, रोज नव्याचा वाटा वाढवायचा. माशात पाणी घाला, उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर कालवा. आणि ते घमेलं काढा, चालत आत जाता येईल अशी बसकी पाटी ठेवा. जेवणाच्या भांड्यापासून लांब. सकाळ-संध्याकाळ साफ. वासाचं फिनेल त्यात ओतू नका, मांजर त्या वासानं पळतं.’

वामननं प्लास्टिकची पाटी आणली, एक बाजू कापून बुटकी केली. सुई टोचायला बाई शिकल्या. मानेच्या मागची कातडी चिमटीत धरायची, टोचायचं. पहिल्या वेळी त्याच रडल्या, मथी खात राहिली. आणि मग हळूहळू वाळू कोरडी राहायला लागली. मुंग्या गेल्या. एका सकाळी बाईंनी पडवीतून हाक मारली, ‘वामन, लवकर ये!’ तो धावत आला, वाटलं मांजर गेली. बाई पाटीकडे बोट दाखवतायत, चेहरा फुललेला. ‘बघ, कशी घट्ट झाली.’ मंडळी, आईला आणि आजारी माणसाचं करणाऱ्याला या आनंदाचं नवल वाटत नाही. बाकीच्यांना हसू येतं.

इथं गोष्ट संपली असती. पण एकादशी आली.

त्या सकाळी बाई उठल्या, मथीला सुई टोचली. सुई चुकवायची नाही, हे पक्कं डोक्यात. आणि मासा? एकादशीला? पडवी झाली तरी घराचीच पडवी. साबुदाणा द्यावा तर तो डॉक्टरांनी बंद केलेला. बाई मथीला म्हणाल्या, ‘एक दिवस काढ बाई. जन्मभर धरलीस की एकादशी.’ वामन कामाला गेलेला. पाटी स्वच्छ होती, वाटीत पाणी होतं, बाई पूजेला बसल्या.

पंचामृत कालवायला घेतलं तेव्हा पडवीत काहीतरी धडपडलं. बाई उठून बघतात तो मथी भिंतीला धरून चाललीय, झोकांड्या खातेय. अंग थरथरतंय. हाक मारली तर बघतेय, पण ओळखत नाही. मग आडवी झाली आणि पाय झाडायला लागली.

बाईंनी फोन लावला. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, ‘सुई दिलीत?’

‘दिली.’

‘खाल्लं तिनं?’

‘आज एकादशी आहे हो.’

 ‘काकू, सुई साखर उतरवते. पोटात काही नसलं तर उतरतच जाते. एकादशी तुमची आहे. घरात मध आहे?’

मध होता. देवापुढं होता. वाटीत काढलेला, नैवेद्य अजून दाखवायचा होता.

‘हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, गुदमरेल. आणि लगेच घेऊन या.’

मंडळी, द्वारकाबाई सोवळ्यात होत्या. न दाखवलेल्या नैवेद्यात त्यांनी बोट बुडवलं. ते बोट मांसमच्छी खाणाऱ्या मांजरीच्या तोंडात घातलं, हिरड्यांवर फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. देवाकडे पाठ होती त्यांची. ‘मथे, चाट गं. मथे, माझं चुकलं.’ किती वेळ गेला त्यांना कळलं नाही. मग त्या बोटाला खरखर लागली. मथीची जीभ हलत होती.

तशाच सोवळ्यात, मांजर पदरात गुंडाळून, बाई कुंदा मयेकरच्या दारात. ‘कुंदा, रिक्षा बोलाव. आणि उकडलेला मासा असेल तर डब्यात दे.’

कुंदा बघतच राहिली. ‘काकू, आज? एकादशीला?’

‘एकादशी माझी आहे,’ बाई म्हणाल्या, ‘हिची नाही.’

मथी जगली. पुढं पुष्कळ जगली. बाईंनी स्वतःची एकादशी कधी मोडली नाही, आणि एकादशीच्या दिवशी पडवीतली चूल कधी विझली नाही. दोन्ही एकाच घरात नांदलं.

आता सुरुवातीचा प्रश्न. दुसऱ्याकडून पाळून घेतलेल्या व्रताचं पुण्य कुणाला? गोगटे, तुम्ही सांगा. गोगटे?

अहो, इकडे बघा. घाम केवढा आलाय तुम्हाला, पंखा तुमच्यावरच आहे. हात पुढं करा बघू. थरथरतोय. सकाळी साखरेची सुई टोचलीत?

‘टोचली, बुवा.’

आणि खाल्लंत काय?

‘देवळात पेटीला बसायचं म्हणजे उपास हवाच, असं... सगळेच म्हणतात ना.’

ऐकलंत, मंडळी? सगळेच म्हणतात. मी मघापासून मांजरीच्या झोकांड्या तुम्हाला रंगवून सांगतोय, आणि हा माणूस माझ्या हाताच्या अंतरावर बसून सूर चुकतोय, आणि आपण सगळे पेटीला नावं ठेवतोय. ती देवापुढची साखर आणा. नैवेद्य व्हायचाय? असू दे. वाटी इकडे द्या. गोगटे, तोंड उघडा. सावकाश. चघळा. आता पाणी. रानडेवहिनी, तुमचं घर जवळ आहे, दूधपोहे घेऊन या. कुणीतरी यांना धरून बसा.

आणि बाकीच्यांनी ऐका. आज सकाळी सुई टोचून उपाशी बसलेलं आणखी कोण आहे? हात वर करा. लाजायचं काही नाही. एक. त्या कोपऱ्यातल्या आजी, दोन. खांबाजवळचे काका, बायकोकडे बघू नका, माझ्याकडे बघा. काकू, एकादशी तुमची आहे, यांची नाही. उठवा त्यांना.

उठा सगळे, घरी जा, चार घास खा. देव कुठं जात नाही. तुम्ही जेवून आलात की आरती करू.